प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेण्यापूर्वी स्पर्धा कायद्याची पडताळणी कशी करावी

प्रतिस्पर्ध्याचा व्यवसाय विकत घेणे हे मुळात बेकायदा नाही. स्पर्धकांनी संगनमताने दर ठरवले, तर त्या कृतीलाच कायदा आक्षेप घेतो. खरेदीच्या बाबतीत मात्र व्यवहारानंतर बाजारात किती स्पर्धा उरेल, हे पाहिले जाते. अमेरिकेतील १९१४ च्या क्लेटन कायद्याचे कलम ७, युरोपीय संघाचे २००४ चे विलीनीकरण नियमन आणि भारताचा २००२ चा स्पर्धा कायदा यांची शब्दरचना वेगवेगळी असली, तरी रोख हाच आहे.

म्हणून आधी बाजार निश्चित करावा. दर पाच ते दहा टक्क्यांनी कायमचा वाढला, तर आपला ग्राहक कोणाकडे वळेल, याचे प्रामाणिक उत्तर लिहून काढावे. बाजाराची व्याख्या ऐसपैस करून आपला हिस्सा लहान दाखवण्याचा मोह सर्वांनाच होतो. नियामक मात्र ग्राहकांनाच विचारतो.

त्यानंतर आकडेमोड करावी. समजा, पाच विक्रेत्यांचे हिस्से ३०, २५, २०, १५ आणि १० टक्के आहेत. प्रत्येक हिश्शाचा वर्ग करून बेरीज केली, की २,२५० हा केंद्रीकरणाचा, म्हणजे बाजार किती मोजक्या हातांत आहे हे दाखवणारा, निर्देशांक येतो. सर्वांत मोठ्याने सर्वांत लहानाला विकत घेतले, तर तो ६०० ने वाढून २,८५० होतो. अमेरिकेच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निर्देशांक १,८०० च्या वर जाऊन वाढ १०० हून अधिक असेल, तर व्यवहार स्पर्धेला मारक असल्याचे गृहीत धरले जाते. ते खोडून काढण्याची जबाबदारी खरेदीदारावर येते.

व्यवहारापूर्वी नियामकाला सूचना द्यावी लागते; या पूर्वसूचनेची मर्यादा उलाढाल, मालमत्ता किंवा व्यवहारमूल्यावर ठरते. भारतात सप्टेंबर २०२४ पासून २,००० कोटी रुपयांहून अधिक मूल्याच्या व्यवहाराची, संबंधित कंपनीचा येथे लक्षणीय कारभार असल्यास, सूचना द्यावी लागते. मात्र मर्यादेखालचा व्यवहार सुरक्षितच असतो, असे सर्वत्र समजू नये. बझारव्हॉइस या अमेरिकी कंपनीने २०१२ मध्ये पॉवररिव्ह्यूज ही प्रतिस्पर्धी कंपनी घेतली, तेव्हा पूर्वसूचनेची गरज नव्हती. तरीही जानेवारी २०१४ मध्ये न्यायालयाने तो व्यवहार बेकायदा ठरवला आणि घेतलेला व्यवसाय विकावा लागला. स्पर्धा संपवण्याच्या हेतूने लिहिलेली कंपनीची अंतर्गत कागदपत्रेच तिच्या विरोधात गेली. संचालक मंडळापुढील टिपणात ‘मैदान मोकळे होईल’ असे उत्साहाने लिहिणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. अर्थात, केवळ शब्द सौम्य करून उपयोग नाही. खरेदीचे खरे कारण खर्चातील बचत किंवा तंत्रज्ञान असेल, तर त्याचा हिशेब त्याच वेळी मांडून ठेवावा.

सूचना बंधनकारक असेल, तर मंजुरी मिळेपर्यंत दोन्ही कंपन्यांनी स्वतंत्रपणेच वागावे. समोरच्या कंपनीची दरपत्रके किंवा ग्राहकनिहाय सवलतींची यादी स्वतःच्या विक्री विभागाकडे जाऊ देऊ नये. छाननीसाठी ती त्रयस्थ सल्लागारांकडेच ठेवावी. मंजुरीआधी ताबा घेतल्यास युरोपीय संघात उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

विक्रेता डबघाईला आला आहे, हा बचाव अनेकांना सोपा वाटतो. तो टिकवायचा, तर कंपनी बंदच पडणार होती आणि स्पर्धेला कमी बाधक असा दुसरा खरेदीदार शोधूनही मिळाला नाही, हे दाखवावे लागते.

करारात मंजुरी ही पूर्वअट म्हणून घालावी. नियामकाने एखादा विभाग विकण्याची अट घातली, तर खरेदीदाराने ती कुठपर्यंत मान्य करायची आणि व्यवहारच फिसकटला तर नुकसान कोणी सोसायचे, हेही सही करण्यापूर्वी त्याच करारात लिहून घ्यावे.