स्टॅग्नेशन म्हणजे मंदी नव्हे : या चुका टाळा

इंग्रजी मजकुरात ‘स्टॅग्नेशन’ दिसलं की मराठीत ‘मंदी’ लिहून मोकळं व्हायचं, ही नेहमीची चूक. बातमीचा अर्थच तिने फिरतो. मंदीत उत्पादन घटतं. सलग दोन तिमाही अर्थव्यवस्था आकसली तर मंदी, असा ढोबळ ठोकताळा आहे. स्टॅग्नेशनसाठी घट व्हायलाच हवी असं नाही. वाढ असते, पण नावापुरती, आणि हे वर्षानुवर्षं चालतं. १९९० नंतरचा जपान हे त्याचं ठळक उदाहरण. तिथल्या त्या काळाला नुसती ‘मंदी’ म्हटलं, तर त्याचा लांबलेला मुक्काम वाचकापर्यंत पोहोचतच नाही. ‘कुंठितावस्था’ हा शब्द जड वाटत असेल तर ‘वाढ खुंटली’ म्हणा. मला तर तेच जास्त आवडतं.

शंका आली की एकच प्रश्न विचारावा : जे हलायला हवं होतं, ते अडलंय का? उत्तर ‘हो’ असेल तरच हा शब्द वापरा. कंपनीचा नफा एका तिमाहीत जैसे थे राहिला, तर ते स्टॅग्नेशन नाही. आणि किमती मुद्दाम स्थिर ठेवल्या असतील तर ते स्थैर्य. त्यात तक्रारीचा सूर नसतो, स्टॅग्नेशनमध्ये असतो.

‘स्टॅगफ्लेशन’ म्हणजे स्टॅग्नेशनचाच मोठा भाऊ, असंही काही जण समजतात. तसं नाही. वाढ खुंटलेली, बेकारी चढी आणि तरीही महागाई भडकलेली, असं तिहेरी दुखणं म्हणजे स्टॅगफ्लेशन. ब्रिटिश राजकारणी इयन मॅक्लिओड यांनी १९६५ मध्ये संसदेत हा शब्द वापरला. १९७३ च्या तेलसंकटानंतर तो सगळीकडे रुळला. महागाईचा मुद्दा नसेल तर तो वापरू नका.

सगळ्यात गमतीदार घोळ ‘सेक्युलर स्टॅग्नेशन’चा. यंत्राने केलेल्या भाषांतरात इथे धर्मनिरपेक्षता घुसू शकते! ‘सेक्युलर’ म्हणजे इथे दीर्घकालीन. अमेरिकन अर्थतज्ज्ञ अ‍ॅल्विन हॅन्सन यांनी १९३८ मध्ये ही कल्पना मांडली आणि २०१३ मध्ये अमेरिकेचेच अर्थतज्ज्ञ लॅरी समर्स यांनी ती पुन्हा चर्चेत आणली.

पाण्याबद्दल लिहिताना सरळ ‘साचलेलं’ म्हणावं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही डबकंच. मात्र ‘पाणी स्टॅग्नेशन झालंय’ हे व्याकरणात बसत नाही. स्टॅग्नेशन हे नाम आहे, विशेषण हवं तर ‘स्टॅग्नंट’.

नोकरीतल्या माणसाबद्दल ‘तो साचला’ असं लिहिलं तर हसू येईल. तिथे ‘त्याची प्रगती खुंटली’. मानसशास्त्रात एरिक एरिक्सन यांनी मध्यमवयाच्या टप्प्यासाठी ‘स्टॅग्नेशन’ हाच शब्द वापरला. पुढच्या पिढीसाठी काही घडवण्याची ओढ एका बाजूला, तर स्वतःतच अडकून पडणं दुसऱ्या बाजूला. म्हणजे तिथे पगार-बढतीचा संबंध नाही.

भौतिकशास्त्रात मात्र ‘साचणे’ पूर्णच फसतं. विमानाच्या पंखाच्या पुढच्या कडेवर हवा जिथे आदळून क्षणभर थबकते, तो ‘स्टॅग्नेशन पॉइंट’. तिथे वेग शून्य होतो आणि दाब चढतो. हवा वर-खाली फाकून पुढे जातच राहते, साचत काहीच नाही. म्हणून तिथे ‘गतिशून्य बिंदू’ लिहावं.