शाळेचा कुस्ती संघ उभा करायचा तर आधी जोड शोधा

जूनमध्ये शाळा उघडली की मुख्याध्यापक विचारतात, "बाई, यंदा कुस्तीत कोण आहे?" याचं उत्तर हजेरीपटात सापडत नाही. पहिल्या तासाला डुलक्या घेणारी, मानेला तांबडी माती राहिलेली पोरं बघा. ती पहाटे तालमीत जाऊन आलेली असतात. मी स्वतः खो-खोची. डाव शिकवणं वस्तादांकडं. पण वयोगट, वजन, कागद आणि कुणी कुणाशी लढत करायची हे पीटीच्या शिक्षकानं बघायचं, आणि निम्मा हंगाम तिथंच ठरतो.

कागदांचं थोडक्यात सांगते. बोनाफाइडवरची जन्मतारीख जनरल रजिस्टरशी ताडून घ्या, आधारवरची वेगळी असेल तर जूनमध्येच दुरुस्तीला टाका. वजनगट यंदाच्या परिपत्रकातूनच घ्यायचे, जुन्या फाइलमधून नाही. लाल आणि निळा असे दोन्ही कॉस्च्युम हवेत.

शालेय कुस्तीत सांघिक लढत नसते. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत वजनावजनाप्रमाणे जोडी लागते आणि पहिला आलेला तालुक्याहून जिल्ह्याला, तिथून विभागाला, मग राज्याला जातो. त्यामुळं सगळ्यांचे डोळे एका पट्टीच्या पोरावर लागतात. समजा, नववीतला एक पोरगा दुहेरी पट, म्हणजे दोन्ही पाय धरून पाडायचा डाव, असा काढतो की समोरच्याला कळत नाही. तो रोज त्याच दोघांना पाडत राहिला, तर ऑगस्टपर्यंत त्याचा पट तेवढाच राहतो. त्याला तीन जोडीदार लागतात. एक चार-पाच किलोनं जड, म्हणजे ताकद लावावी लागेल. एक हलका आणि चपळ. तिसरा डावा पाय पुढं ठेवून उभा राहणारा. हा तिसरा शोधायला शेजारच्या गावच्या तालमीत जावं लागलं तरी जा, कारण उलट्या पवित्र्याचा मल्ल समोर आला की पोरांचे हात अडखळतात, आणि स्पर्धेच्या दिवशी ते शिकवता येत नाही.

लढतीची सुरुवात दर वेळी उभ्यानं नको. चांगल्या पोराला खाली बसवा, जोडीदाराला वरून ताबा द्या आणि ३० सेकंद भारंदाज, म्हणजे कमरेला मिठी घालून उलटवायचा डाव, ओढू द्या. पट्टीच्या पोराला खाली राहायची सवयच नसते.

आता हा जोडीदार रोज मार खायला का येईल? त्यालाही स्वतःचा हंगाम द्या. १७ आणि १९ वर्षांखालील मुलांत ग्रीको-रोमनही असते. त्यात कमरेखाली धरता येत नाही, पायाचा वापर नाही. पटात कच्चा पण छाती-खांद्यानं दणकट असा पोरगा फ्रीस्टाइलमध्ये दुसरा राहतो, इथं त्याला वाव मिळतो. शिवाय आमच्या भागात या गटात गर्दीही कमी असते. फक्त त्याला सांगून ठेवा, की फ्रीस्टाइलला दहा गुणांच्या आघाडीवर कुस्ती संपते, ग्रीको-रोमनला आठच्या.

मातीवरची पोरं मॅटवर फसतात ती ताकदीनं नाही, वेळेनं आणि रेषेनं. मातीत चितपटीपर्यंत खडाखडी चालते. मॅटवर १७ वर्षांखालच्यांना दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या, आणि पाऊल वर्तुळाबाहेर पडलं की समोरच्याला गुण. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला गेले तेव्हा त्यांनाही मॅट नवीनच होती. तिथं ते सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्य घेऊन परतले. शाळेत मॅट नसेल तर साडेचार मीटरची सुतळी घ्या, मैदानात खुंटी ठोका आणि चुन्यानं वर्तुळ आखा. पाडापाडी नको, नुसतं रेटायचं आणि आत राहायचं. शेवटची वीस सेकंदं शिट्टी मारून वेगळी खेळवा. गुण बरोबरीत सुटले तर आधी मोठ्या गुणांचा डाव कुणी मारला ते बघतात, मग ताकीद कुणाला कमी, मग शेवटचा गुण कुणाचा. हे पाठ नसलेला पोरगा २-२ वर निवांत उभा राहतो आणि हरतो.

वजनावरून वस्तादांशी वाद होणार, हे धरून चाला. "बाई, दोन किलोचं काय एवढं! रात्रीत मारतंय की पोरगं." पाणी तोडून, जाड कपडे घालून पळवून वजन मारायला मी देत नाही. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत असंच वजन उतरवताना महिना-दीड महिन्यात तीन कॉलेजचे मल्ल मेले. त्यानंतर तिथं नियम कडक झाले. त्यांच्या हायस्कुलांत आठवड्याला वजनाच्या दीड टक्क्याहून जास्त उतरवता येत नाही. ५० किलोच्या पोराला हे पाऊण किलो होतं. चौदाच्या आतल्या पोराचं वजन अजिबात मारू नका, वरच्या गटात उतरवा. वाढतं वय आहे, दिवाळीपर्यंत ते वजन आपसूक भरतं.

मुलींचे गट मोकळे सोडू नका. आईशी बोलायला घरी जा, आजीशीही. त्या "कान मोडतील, लग्न कसं व्हायचं" म्हणतात. वाद घालू नका, सरावाला कोण सोबत असेल आणि परत किती वाजता येईल ते सांगा. मुलींना जोड मिळणं सगळ्यात अवघड, म्हणून दोन-तीन शाळांचा सराव रविवारी एकत्र घ्या.

पावसाळ्यात नायटा हटकून येतो. आठवड्याला मान, दंड, मांड्या बघायच्या. चट्टा दिसला की पोरगा लढतीबाहेर आणि डॉक्टरकडं. टॉवेल एकमेकांचे वापरू द्यायचे नाहीत.

आणि एखादा राज्याला चमकलाच, तर गावात त्याला जोड उरत नाही. पाटोद्याचा राहुल आवारे पुण्याला गेला, आधी हरिश्चंद्र बिराजदार आणि मग काका पवार यांच्या हाताखाली घडला. २०१८ ला राष्ट्रकुलचं सुवर्ण, २०१९ ला जागतिक स्पर्धेत कांस्य. तुमच्या पोराला तशी तालीम मिळत असेल तर शाळा सोडल्याचा दाखला अडवून धरू नका. दहावीत असेल तर मात्र जाण्याआधी प्रमाणपत्रांच्या प्रती काढून घ्या, क्रीडागुणांचा प्रस्ताव जिल्हा क्रीडा कार्यालयात मुदतीत गेला पाहिजे.