रिक्रूटरच्या फोनसाठी एक कागद

प्रॉडक्ट मॅनेजरच्या जागेसाठी रिक्रूटरचा पहिला फोन कधीही येतो, आणि साध्या प्रश्नांनाही अडखळायला होतं. म्हणून अर्ज केला त्याच दिवशी एक कागद लिहून ठेवा.

१. जाहिरातीतल्या तीन मुख्य अपेक्षा आणि प्रत्येकीसमोर तुमचं एक काम: अडचण काय होती, निर्णय कोणता घेतला, आकडा कुठून कुठे गेला. निर्णय तुमचा दिसला पाहिजे. नुसतं ‘आमच्या टीमने केलं’ म्हटलं तर रिक्रूटरला पुढे कळवायला काही उरत नाही. भाषा घरच्यांना समजेल इतकी सोपी ठेवा, कारण फोनवरची व्यक्ती बहुधा प्रॉडक्टमधली नसते.

२. सध्याचा सीटीसी, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च (फिक्स्ड, व्हेरिएबल आणि ईसॉप, म्हणजे कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क, हे वेगवेगळे), अपेक्षित पगार, नोटीस पीरियड, बायआउट (उरलेल्या नोटीसचे पैसे भरून लवकर निघणं) चालतो का, कोणतं शहर चालेल.

३. नोकरी का बदलताय, दोन वाक्यांत. हे मोठ्याने म्हणून बघाच.

गर्दीत असताना फोन आला तर ‘अर्ध्या तासाने बोलूया का?’ असं सरळ विचारा. त्यात गैर काही नाही.

सध्याचा पगार मात्र फुगवून सांगू नका. ऑफरच्या वेळी सॅलरी स्लिप आणि अनेकदा फॉर्म १६ही (पगारातून कापलेल्या कराचं कंपनीने दिलेलं प्रमाणपत्र) मागतात.