पावसाळ्यात लेझर प्रिंटर एकदम दोन-तीन कागद ओढत असेल तर: माझा अनुभव

फोंड्याच्या आमच्या घरातील लेझर प्रिंटर जुलैपासून एकाच वेळी दोन-तीन कागद ओढू लागला, आणि कधी एकही कागद न उचलता ‘पेपर जॅम’ दाखवू लागला. आत मात्र कपटाही अडकलेला नसे. ड्रायव्हर (संगणकाला प्रिंटरशी जोडणारे सॉफ्टवेअर) पुन्हा टाकला, केबल बदलली, टोनरही बदलला. तीन आठवडे अक्षरशः हैराण झालो.

दोष यंत्राच्या मेंदूत नव्हता, तर कागदात आणि रबरात होता. गोव्याच्या दमट हवेत उघड्या गठ्ठ्यातला कागद ओलावा शोषतो, पाने एकमेकांना चिकटतात, आणि कागद उचलणाऱ्या रोलरवर कागदाची पूड बसून त्याची पकड जाते. माझा रोलर तर काचेसारखा गुळगुळीत झाला होता.

प्रथम प्रिंटर बंद करून प्लग काढला आणि फ्यूजर, म्हणजे उष्णतेने टोनर कागदावर पक्का करणारा भाग, तापलेला असतो म्हणून अर्धा तास थांबलो. मग ट्रे बाहेर काढून, तंतू न सुटणारे कापड पाण्याने जेमतेम ओलसर करून रोलर हाताने फिरवत पुसला. कापडावर करडा थर उतरला. त्यानंतर कागद वेगळे करणारी छोटी पट्टी, म्हणजे सेपरेशन पॅड, तशीच पुसली. ही पट्टी बहुतेक जण विसरतात. दोन्ही पूर्ण वाळल्यावर नव्या, बंद गठ्ठ्यातील कागद फडफडवून सुटे करून ट्रेमध्ये कमाल भरण्याच्या खुणेच्या खालपर्यंतच भरले आणि बाजूच्या पट्ट्या कागदाला न दाबता टेकवल्या.

सलग 40 पाने एकेक करून निघाली. उरलेला कागद आता सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो.