ट्रॉली ओढताना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापायचा, तो असा आवरला

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना मागे भरलेली ट्रॉली असली की पिकअप तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये सारखी वर-खाली करायची. गिअरबॉक्स बिघडलेला नव्हता. इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारा भाग म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. चढावर त्याचं लॉक-अप (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच) वारंवार सुटतं, आत तेल घुसळतं आणि ती सगळी उष्णता तेलातच जाते. तेल ८० ते ९५ अंशांवर बरं राहतं. १२० च्या वर झपाट्याने खराब होतं. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात तिथं पोचायला वेळ लागत नाही.

आधी फुकटचा उपाय: लिव्हर मॅन्युअलवर घेऊन तिसरा धरून ठेवला. इंजिन ओरडतं, ओरडू द्या. उतरतानाही तोच गिअर, नाहीतर ब्रेक जळतात.

मग वेगळा ऑइल कूलर, एसी कंडेन्सरच्या (गाडीच्या तोंडाशी असलेल्या एसीच्या जाळीच्या) पुढे. रेडिएटरमधून परतणारं तेल त्यातून जाऊन गिअरबॉक्सला. होज (रबरी नळी) ट्रान्समिशन म्हणजे गिअरबॉक्सच्या तेलाचाच हवा. पाण्याचा होज तेलाने फुगून फाटतो.

तेल तपकिरी झालं होतं, जळका वासही होता. तेल सोडायचा खालचा प्लग काढून सगळं तेल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून थोडं चालवून दुसऱ्यांदा बदललं. तेलाचा ग्रेड गाडीच्या पुस्तिकेतलाच. पातळी सपाट जागी, पुस्तिकेतल्या तापमानालाच तपासायची.