या चुका टाळा : बांधकामात आलेल्या बाईने साइट, मोजमाप आणि सही सोडू नये

"तुझं अक्षर सुरेख आहे, कॉम्प्युटरवरही हात बसलाय, तू ऑफिसच सांभाळ." नोकरीच्या पहिल्याच महिन्यात हे ऐकलं तेव्हा मला ते कौतुक वाटलं. माझ्याबरोबर लागलेले दोन मुलगे साइटवर गेले. तीन वर्षांनी ते एकेक इमारत उभी करत होते आणि मी त्यांच्या बिलांच्या फायली लावत होते. कुणी कपट केलं नव्हतं. मीच विचारलं नव्हतं.

या क्षेत्रात बायकांची वाट अडते ती बहुतेक वेळा इथेच. ऑफिसचं काम हलकं असतं असं मला म्हणायचं नाही. पण बढती, जास्त पगार आणि पुढे स्वतःचा धंदा, या तिन्ही गोष्टी "हिने काम उभं केलंय" या एका ओळखीवर मिळतात. ती ओळख टेबलावर तयार होत नाही.

ऑफिसात अडकलात तर

"मला साइटवर पाठवा" अशी मोघम विनंती करू नका. ती मान डोलावून विसरली जाते. एखादं ठरावीक काम मागून घ्या : "तिसऱ्या मजल्याचा स्लॅब भरण्याआधीची तपासणी मी करते, सही माझी राहील." सुरुवातीला आठवड्याचे दोन अर्धे दिवस मिळाले तरी चालतील, पण त्यातला एक स्लॅबच्या आदल्या दिवशीचा असू द्या. सेंटरिंगचे, म्हणजे स्लॅबच्या साच्याचे, टेकू ओळंब्यात आहेत का, फळ्यांच्या फटीतून माल (ओलं काँक्रीट) गळणार नाही ना, सळ्या फळीपासून उचलून धरणारे छोटे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, बसलेत का, सळ्यांचे जोड सगळे एकाच रेषेत आले नाहीत ना, विजेचे पाइप कुठे चेपलेत : त्या एका दिवसात जे डोळ्यांत भरतं ते सहा महिने नकाशे बघून कळत नाही. दुसऱ्या दिवशी सगळं काँक्रीटखाली गेलेलं असतं.

मापं दुसऱ्याच्या तोंडून घेणं

मुकादम सांगतो, स्टोअरवाला लिहितो आणि आपण टोटल मारतो. असं चालत राहिलं की वाद झाल्यावर आपल्या हातात काहीच नसतं. टेप स्वतःची ठेवा आणि थोडं गणित तोंडपाठ करा.

सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा : मीटरला किती किलो ते मिळतं. १२ मिमीची सळई मीटरला साधारण ०.८९ किलो, म्हणजे १२ मीटरची एक सळई सुमारे १०.७ किलो. गाडी आली की सळ्या मोजा, गुणाकार करा, काट्याची पावती ताडून पाहा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा गाडीवाला हसला. दुसऱ्या खेपेपासून तो स्वतःच मोजून देऊ लागला. खोलीचा काटकोन तपासायला हातातला गुण्या अपुरा पडतो. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ मीटर, दुसरीवर ४ मीटर खूण करा. दोन खुणांमधलं अंतर ५ मीटर भरलं तर कोन बरोबर.

एमिली रोबलिंग यांची गोष्ट मला इथे नेहमी आठवते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता असलेले त्यांचे पती पाण्याखालच्या पायाच्या कामात, दाबातल्या हवेमुळे होणाऱ्या आजाराने अंथरुणाला खिळले. एमिली त्यांचे निरोप साइटवर नेऊ लागल्या. त्या नुसत्या निरोप्या राहिल्या असत्या तर आज त्यांचं नाव कुणाला माहीत नसतं. त्यांनी साहित्याची ताकद, केबलची रचना, ताणाचं गणित शिकून घेतलं आणि १८८३ मध्ये पूल पुरा होईपर्यंत रोजच्या कामावर लक्ष ठेवलं. समोरच्या प्रश्नाला जागेवर उत्तर देता येत होतं म्हणून ठेकेदार त्यांच्याशी बोलत होते.

"मॅडम, माल घट्ट झालाय, थोडं पाणी सोडू का?"

या प्रश्नापाशी मी एकदा गप्प बसले. ऊन चढलं होतं, माणसं दमली होती आणि सगळ्यांदेखत "नाही" म्हणायचा मला संकोच वाटला. त्याच मालाचे ठोकळे (क्यूब) भरून ताकद तपासतात, त्यांचा सात दिवसांचा निकाल कमी आला. अठ्ठावीस दिवसांचाही कमीच आला. शेवटी दोन खांबांना बाहेरून सळ्यांची जाळी बांधून काँक्रीटचा नवा थर चढवावा (जॅकेटिंग) लागला. पाणी सोडणारा मजूर कुणाला आठवला नाही, त्या दिवशी साइटवर मी होते एवढंच आठवलं, आणि ते योग्यच होतं.

सिमेंटच्या मानाने पाणी वाढलं की ताकद घटते, हे अमेरिकन संशोधक डफ अब्राम्स यांनी १९१८ मध्ये मांडलं. पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.५ धरलं तर ५० किलोच्या गोणीला २५ लिटर, आणि ओल्या वाळूतलं पाणी त्यातच मोजायचं. माल खरंच घट्ट असेल तर स्लंप कोन लावा, म्हणजे शंकूच्या साच्यात माल भरून साचा उचलल्यावर तो किती खचतो ते मोजा. तो सगळ्यांना दिसतो, त्यामुळे वाद "मॅडमचं म्हणणं" विरुद्ध "मिस्त्रीचा अनुभव" असा राहत नाही. मिश्रणाच्या डिझाइनप्रमाणे प्लॅस्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन, वापरा. पाण्याचा पाइप बंद.

अधिकार गाजवायला आवाज चढवावा लागतो हा समज सोडा. पुरुषांची शिवीगाळ उसनी घेतलेल्या काही जणी मी पाहिल्या आहेत. त्यांचं कुणी ऐकलं नाही, मागे नक्कल मात्र झाली. सूचना साइट ऑर्डर बुकात लिहा, तारीख-वेळ टाका, मुकादमाची सही घ्या. गवंड्याला थेट झापण्याऐवजी मुकादमाकरवी सांगा. त्याचा मान राहतो आणि काम पुन्हा करवून घेण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते.

शरीराकडे दुर्लक्ष

साइटवर धड शौचालय नसतं म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या किती तरी इंजिनिअर मुली मला भेटल्या. लघवीचा संसर्ग वारंवार झाल्यावर त्या साइट सोडतात आणि लोक म्हणतात, बायकांना जमत नाही. नोकरी स्वीकारतानाच आतून कडी असलेलं, पाणी असलेलं शौचालय मागा. मजूर बायकांनाही तेच वापरता आलं पाहिजे. हेल्मेट, बूट, हार्नेस स्वतःच्या मापाचं घ्या. सैल हार्नेस पडताना अंगातून निसटू शकतो. गरोदरपणात जड उचलणं, परांचीवर चढणं, रंग आणि सॉल्व्हंटच्या वाफा टाळायच्या असतात. तेवढे महिने काम सोडण्याऐवजी बिलिंग किंवा एस्टिमेटिंग मागून घ्या. परत साइटवर येण्यासाठी ती सगळ्यात जवळची जागा आहे.

घरविक्रीच्या बाजूला असाल तर

अनोळखी ग्राहकाला एकटीने रिकामं घर दाखवायला जाऊ नका. पहिली भेट ऑफिसात, ओळखपत्राची नोंद, कुणाला तरी पत्ता आणि वेळ कळवलेली. कमिशन किती आणि कोणत्या टप्प्याला मिळणार हे घर दाखवण्याआधी लेखी घ्या. सौदा झाल्यावर सगळ्यांची स्मरणशक्ती कमी होते. क्षेत्रफळ सांगताना भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्र वेगळं आणि जिना-भिंती धरून आलेलं वेगळं, हे ग्राहकाला आपणहून सांगा. कमिशन कधी एकदम येतं, कधी चार महिने येत नाही, म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय पगाराची नोकरी सोडू नका.

पैसा आणि सही

स्वतःचं काम सुरू केलं की पहिली चूक ठरलेली : एका घराच्या ॲडव्हान्समधून दुसऱ्या घराचं सिमेंट. कागदावर नफा दिसतो, पण शनिवारी मजुरी द्यायला रोकड नसते. प्रत्येक कामाचं खातं वेगळं ठेवा. बिलातून ५ ते १० टक्के रिटेन्शन, म्हणजे काम नीट झाल्याची खात्री होईपर्यंत रोखून ठेवलेली रक्कम, कापलं जाणार असेल तर ती रक्कम मिळालेली धरू नका. ग्राहकाने तोंडी वाढवलेलं काम, मग ते एक कपाट का असेना, दर आणि लागणारे जादा दिवस लिहून सही घेतल्याशिवाय सुरू करू नका. हे लिहून मागताना बायकांना "हिशेबी दिसू" अशी भीती वाटते. मला कित्येक वर्षं वाटायची. त्या भीतीपायी मी आख्खा जिना फुकट बांधून दिला आहे.

याहून मोठी चूक घरातल्या फर्ममध्ये होते. भागीदार म्हणून नाव बायकोचं किंवा सुनेचं, व्यवहार सगळा दुसऱ्यांच्या हातात. साध्या भागीदारीत फर्मचं कर्ज भागीदाराच्या खाजगी मालमत्तेपर्यंत येऊ शकतं. बँकेच्या कागदात "वैयक्तिक हमी" हे शब्द असले की कंपनी बुडाली तरी सही करणारी सुटत नाही. तुमचं नाव कागदावर असेल तर बँकेचं स्टेटमेंट दर महिन्याला तुमच्याकडे आलं पाहिजे आणि पैसे काढायला तुमची सही लागली पाहिजे. हमीचा कागद "आत्ताच्या आत्ता" समोर आला तर घरी आणा, स्वतःच्या वकिलाला दाखवा. चेकवर आधी नाव आणि रक्कम लिहून घ्या, मग सही करा. मागणारा नवरा असो, भाऊ असो की सासरे.