इंटरमिजिएट स्पॅनिश घेतलंय? इंग्रजी बाजूला ठेवा, मराठी बाहेर काढा

अमेरिकेत अंडरग्रॅडला आलेल्या आपल्या बऱ्याच मुलामुलींना लँग्वेज रिक्वायरमेंटसाठी, म्हणजे पदवीसाठी एक परकी भाषा शिकायची अट असते तिच्यासाठी, स्पॅनिश घ्यावं लागतं. मी नाशिकहून इथे आले, २०१ आणि २०२ दोन्ही केले, नंतर दोन सेमिस्टर लँग्वेज सेंटरमध्ये ट्यूटर होते, आणि दर ऑगस्टला कोणी ना कोणी विचारतंच की या क्लासमध्ये नेमकं काय काय करावं लागतं, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितेय.

आधी लेव्हलचं बघू. बहुतेक कॉलेजांत १०१-१०२ म्हणजे एलिमेंटरी आणि २०१-२०२ म्हणजे इंटरमिजिएट. नंबर थोडे इकडेतिकडे असतात पण क्रम हाच. शाळेत स्पॅनिश झालं असेल तर प्लेसमेंट टेस्ट देतात, ती देताना बाजूला ट्रान्सलेटर उघडून बसू नका, कारण त्याने मार्क वाढतात आणि तुम्ही अशा वर्गात जाऊन पडता जिथे पहिल्या दिवशीच सगळे भूतकाळात बोलत असतात. काही कॉलेजं आपल्या मातृभाषेवरून ही रिक्वायरमेंट माफही करतात, तेव्हा ॲडव्हायजरला आधी विचारा. तरी माझं मत विचाराल तर सूट मिळत असली तरी क्लास घ्या, वीस देशांची ऑफिशियल भाषा आहे, आणि मराठी माणसाला ती किती जवळची आहे ते पुढे सांगतेच.

पहिल्या दिवशी प्रोफेसर आत येतात आणि स्पॅनिशमध्येच बोलायला लागतात ते शेवटच्या दिवसापर्यंत. घाबरू नका, भाषा शिक्षकांची अमेरिकेतली मोठी संस्था आहे, ॲक्टफल, तिची शिफारसच आहे की वर्गात नव्वद टक्के किंवा जास्त वेळ शिकवायची भाषाच वापरावी. सिलॅबससुद्धा स्पॅनिशमध्ये असू शकतो, त्यात आसिस्तेन्सिया म्हणजे हजेरी, तारेआ म्हणजे होमवर्क, प्रुएबा म्हणजे छोटी टेस्ट, बोर्रादोर म्हणजे कच्चा ड्राफ्ट. हजेरीचा नियम मात्र डोळ्यात तेल घालून वाचा, ठरावीक खाडे झाले की ग्रेड खाली येते, आणि वर्गात तोंड उघडण्याचे वेगळे मार्क असतात. बरोबर बोलण्याचे नाही, बोलण्याचे. आपल्याकडे उत्तर पक्कं येत असेल तरच हात वर करायची सवय असते, ती इथे सोडावी लागते.

वेळेचा हिशोब असा की इथे एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्गात आणि किमान दोन तास बाहेर असं धरतात, म्हणजे तीन क्रेडिटचा कोर्स नऊ तासांचा. त्यातले बाहेरचे सहा तास रविवारी रात्री एकदम बसून होत नाहीत. आता बऱ्याच ठिकाणी व्याकरण घरी वाचून, व्हिडिओ बघून यायचं आणि वर्गात फक्त सराव अशी पद्धत आहे, त्यामुळे न वाचता गेलात तर पार्टनरसमोर पन्नास मिनिटं नुसतं बसायचं. रोज तासाभराच्या आसपास वेळ काढा, तेवढं पुरतं. पुस्तकाचं सांगायचं तर होमवर्क ऑनलाइन असेल तर ॲक्सेस कोड लागतो आणि जुन्या पुस्तकातला कोड बहुतेक वेळा वापरलेला असतो, म्हणून सेकंडहँड घेण्याआधी प्रोफेसरांना ईमेल करा आणि तोच कोड पुढच्या सेमिस्टरला चालेल का तेही विचारून घ्या.

आता मला जे खरं सांगायचंय ते. आपण स्पॅनिश इंग्रजीतून शिकतो कारण पुस्तक इंग्रजीत, वर्गमित्र इंग्रजी बोलणारे, आणि मग त्यांना जे अवघड जातं ते आपल्यालाही अवघड वाटायला लागतं. मे गुस्ता एल काफे हे वाक्य शिकवताना पुस्तक दोन पानं खर्च करतं, कॉफी मला आवड देते वगैरे. अरे पण मला कॉफी आवडते! सरळ मराठी आहे. पुस्तकं आवडतात म्हटलं की आपलं क्रियापद पुस्तकांप्रमाणे बदलतं, तिकडेही गुस्ताचं गुस्तान होतं. तसंच माणसाच्या आधी येणारा तो छोटासा आ. बेओ ला कासा म्हणजे मी घर बघते, पण बेओ आ मारिया म्हणजे मी मारियाला बघते. तो आ म्हणजे आपला ला. घराला नाही लावत, माणसाला लावतो, इतकं सोपं आहे, आणि वर्गातली बाकीची मुलं डिसेंबरपर्यंत तो विसरत असतात.

उच्चारांचंही तेच. त आणि द आपल्या दातांवरचेच आहेत, पण आपण रोमन अक्षरं बघून इंग्रजीसारखं टोडो म्हणतो, म्हणायचं असतं तोदो. प म्हणजे प, त्यात हवा सोडायची नाही. एक र आणि लांब घोळवलेला र्र यातला फरक तेवढा कमवावा लागतो, पेरो म्हणजे पण आणि पेर्रो म्हणजे कुत्रा.

इंटरमिजिएटचा गाभा म्हणजे दोन भूतकाळ. इथेच सगळ्यात जास्त मार्क जातात, माझेही गेले. पहिल्या निबंधाचा विषय होता लहानपण, मी आजोळबद्दल लिहिलं, सिन्नरजवळ आजीचं घर, मागे विहीर. पहिलंच वाक्य होतं की दर उन्हाळ्यात मी आजीकडे जायचे, आणि मी लिहिलं फुई. ड्राफ्ट परत आला तेव्हा फुईभोवती हिरव्या पेनाने गोल आणि समासात फक्त दोन अक्षरं, म्हणजे चुकीचा प्रकार सांगणारा कोड, बरोबर उत्तर आपण शोधायचं. मी अर्धा तास इंग्रजी नियमांची यादी बघत बसले, सवय की एकदा, वर्णन की घटना. मग तेच वाक्य सहज मराठीत म्हणून बघितलं, जायचे. गेले नाही, जायचे! फुई म्हणजे गेले, इबा म्हणजे जायचे. त्या दिवसापासून मी यादी बघितली नाही. मराठीत मनातल्या मनात म्हणून बघायचं, जायचे-खायचे-असायचे आलं की इम्परफेक्ट, गेले-खाल्लं-झालं आलं की प्रेटेरिट. चालू असलेली क्रिया, म्हणजे जात होते, तीसुद्धा इम्परफेक्टमध्येच.

आणि ज्या क्रियापदांचा अर्थच बदलतो म्हणून पुस्तकात वेगळी चौकट असते, तीही आपल्याला पाठ करावी लागत नाही. साबिया म्हणजे मला माहीत होतं, सुपे म्हणजे मला कळलं. कोनोसिया म्हणजे ओळख होती, कोनोसी म्हणजे ओळख झाली.

त्याच निबंधात पुढे होतं की एकदा माझ्या हातून बालदी विहिरीत पडली. इंग्रजीत मी पाडली असं होतं, मराठीत आपण तसं म्हणत नाही ना, हातून पडली म्हणतो, आणि स्पॅनिशमध्येही अगदी तसंच, से मे कायो एल बाल्दे. दोष माझा नाही, पण घडलं माझ्या हातून. आमच्या प्रोफेसर कोलंबियाच्या होत्या, त्यांनी त्या वाक्याशेजारी मोठी टिक केली कारण ही रचना अजून शिकवायची होती. आणि बाल्दे म्हणजे बालदीच बरं का! आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द स्पॅनिशमध्ये चुलतभावंडांसारखे भेटतात, पगार आणि पागार म्हणजे पैसे देणं, चावी आणि याबे, पाव आणि पान. बटाट्याला फसू नका, तिकडे बाताता म्हणजे रताळं.

मराठी कुठे दगा देते तेही सांगते, नाहीतर अर्धवट होईल. असणं आपल्याकडे एकच आहे, त्यांच्याकडे सेर आणि एस्तार दोन. एस्तोय आबुर्रिदा म्हणजे मला कंटाळा आलाय, सोय आबुर्रिदा म्हणजे मी कंटाळवाणी आहे. मी घरी आहे याला एस्तार, पण पार्टी माझ्या घरी आहे याला सेर, कारण कार्यक्रम कुठे आहे याला सेर लागतं, हा प्रश्न परीक्षेत येतोच. दुसरा खड्डा मराठीतल्या 'साठी' या शब्दाचा. पोर आणि पारा दोन्हीला आपण साठी म्हणून मोकळे होतो. तिथे साठीच्या जागी मुळे, खातर, ऐवजी, बदल्यात, मधून यातलं काही बसतंय का बघा, बसलं तर पोर. हेतू, मुक्काम किंवा डेडलाइन असेल तर पारा. बहिणीसाठी काम करते म्हणजे बहीण बॉस असेल तर पारा, तिच्याऐवजी ड्युटी करत असाल तर पोर.

सबजंक्टिव्ह, म्हणजे इच्छा, भावना, शंका सांगताना येणारं क्रियापदाचं रूप, २०१ च्या शेवटी किंवा २०२ मध्ये येतो आणि त्याला सगळे भितात. तू यावंस असं मला वाटतं, यातलं यावंस म्हणजेच तो, किएरो के बेंगास. अर्धं काम इथेच झालं. पण तू येतोयस याचा मला आनंद आहे, इथे आपण साधं येतोयस म्हणतो आणि स्पॅनिश मात्र तिथेही बेंगासच मागतं, भावना आली की सबजंक्टिव्ह, शंका आली की सबजंक्टिव्ह. हे तेवढं वेगळं पाठ करा. ओखाला हा शब्द पुढे असला तर डोळे मिटून सबजंक्टिव्ह, तो मूळ अरबीतून आलेला, देवाची इच्छा असेल तर अशा अर्थाचा.

निबंधाबद्दल एक कळकळीने सांगते. पूर्ण वाक्य गुगल ट्रान्सलेट किंवा एआयमधून काढू नका. प्रोफेसरांना तुमच्या बोलण्यातलं स्पॅनिश रोज ऐकू येतं, अजून न शिकवलेले काळ कागदावर एकसारखे दिसले की ते बोलावून विचारतात, आणि प्रकरण ॲकॅडेमिक इंटिग्रिटीपर्यंत, म्हणजे कॉपीच्या चौकशीपर्यंत, गेलं तर स्टुडंट व्हिसावर असताना तो ताप कोणाला हवाय. मी ट्यूटर असताना एक मुलगी रडत आली होती, मुलगी हुशार, निबंधही तिला येणारा होता, फक्त वेळ उरला नाही म्हणून केलं होतं. एकेका शब्दासाठी डिक्शनरी वापरा, रेआल आकादेमिया म्हणजे स्पेनची भाषेची अधिकृत संस्था, तिची डिक्शनरी ऑनलाइन फुकट आहे. ड्राफ्टचे मार्क पहिल्या चुकांपेक्षा त्या तुम्ही कशा दुरुस्त केल्या यावर बरेच असतात, तेव्हा कोड लावलेला कागद घेऊन ऑफिस अवर्सला, म्हणजे प्रोफेसरांना भेटायच्या ठरलेल्या वेळेत, जा.

तोंडी परीक्षा साधारण आठ-दहा मिनिटांची, दोघादोघांना चिठ्ठी उचलायला लावतात, समजा तुम्ही रूममेट आहात आणि भाड्यावरून वाद झालाय, बोला. पाठ करून गेलात तर प्रोफेसर मध्येच प्रश्न विचारतात आणि गाडी रुळावरून घसरते. त्यापेक्षा अडल्यावर काय करायचं ते तयार ठेवा. विचार करायला वेळ हवा तर पुएस, आ बेर. शब्द आठवत नसेल तर उना कोसा के से उसा पारा, म्हणजे अमुकसाठी वापरतात ती वस्तू. हे एवढं येत असलं की झाडू, लाटणं, चिमटा काहीही सांगता येतं. सरावाला वर्गातली मेक्सिकन घरातली मुलं गाठा, ती भराभर बोलतात म्हणून दबू नका, त्यांना ॲक्सेंटच्या खुणा आणि स्पेलिंग अडतं, तुम्हाला बोलणं अडतं, देवाणघेवाण छान जमते.

आणि खुणांचा विषय निघालाच आहे तर, त्या शोभेच्या नाहीत. पापा शेवटच्या अक्षरावर जोर दिला तर बाबा, पहिल्यावर दिला तर बटाटा. आब्लो म्हणजे मी बोलते, जोर शेवटी गेला की तो बोलला, आणि लिहिताना हा फरक दाखवायला ती एकच तिरकी रेघ असते. लॅपटॉपवर यूएस इंटरनॅशनल किंवा स्पॅनिश कीबोर्ड पहिल्या आठवड्याच्या आधीच टाकून घ्या आणि एन्ये, म्हणजे डोक्यावर लाट असलेला न, कुठल्या बटणावर आहे तो बोटांना सापडेपर्यंत टाइप करून बघा, कारण वर्ष हा शब्द त्या लाटेशिवाय लिहिलात तर भलताच अवयव होतो आणि स्वतःचं वय सांगायचं वाक्य तर पहिल्याच निबंधात येतं.